३८ गाड्या, तीन कोटेशनं: कॅमेऱ्याचा पुरवठादार पारखायचा कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सिन्नरहून चाकणला आणि न्हावा शेवाला माल नेणाऱ्या ३४ गाड्या, शिवाय एका कारखान्याच्या कामगारांची ने-आण करणाऱ्या ४ बस. जीपीएस आधीपासून आहे. आता कॅमेरे बसवायचे म्हणून तीन कोटेशनं आली आहेत. एक अगदी स्वस्त, एकाचं ॲप देखणं, आणि तिसऱ्याला तीन वर्षांचा करार हवा आहे. वडिलांना ऑफिसातल्या टीव्हीवर गाड्या लाईव्ह बघायच्या आहेत. दोन ड्रायव्हरांनी मात्र ‘तोंडावर कॅमेरा लावला तर चावी घ्या’ असं आधीच सांगून ठेवलंय. तिघांतला कोण घ्यावा?

मी चाकण-तळेगाव पट्ट्यात ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गाड्यांचं ट्रॅकिंग आणि सुरक्षा बघतो. तेच मशीन, तोच पुरवठादार. एका मालकाकडे झकास चालतं आणि दुसऱ्याकडे सहा महिन्यांत कॅमेऱ्यावर फडकं पडतं, हे इकडे नेहमीचं आहे. फरक दोन गोष्टींनी पडतो. डुलकी, मोबाईल असं काही दिसलं की मशीन छोट्या क्लिपसह जे अलर्ट पाठवतं, ते रोज बघायला तुमच्याकडे माणूस आहे का, आणि अपघात झाला त्या दिवशी फुटेज हातात येतं का. बाकी सगळी चौकशी या दोन प्रश्नांच्या पोटात बसते. म्हणून नाव सांगण्याऐवजी तिघांनाही काय विचारायचं ते सांगतो.

आधी माणसाचा हिशेब. एका गाडीमागे दिवसाला १५ अलर्ट धरा. मशीन जसं आलं तसंच चालू ठेवलं तर याहून जास्तही येतात. ३८ गाड्यांचे झाले ५७०. क्लिप उघडून खरी की खोटी ठरवायला २० सेकंद धरले तरी रोजची १९० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या वर. हे कोण करणार? ‘बुकिंगवाला मधेमधे बघेल’ असं उत्तर असेल, तर दुसऱ्या आठवड्यापासून कोणीच बघत नाही आणि ड्रायव्हरलाही ते बरोबर कळतं. त्यामुळे पहिला प्रश्न असा: क्लिप आमच्याकडे येण्याआधी तुमच्याकडे कोणी चाळून घेतं का, आणि त्याचे पैसे वेगळे का? दुसरा: कोणते अलर्ट चालू ठेवायचे, किती वेगाच्या वर वाजवायचे, हे आम्हाला गाडीगणिक बदलता येतं का? पहिले दोन महिने मी डुलकी, मोबाईल आणि पुढच्या गाडीला चिकटून चालवणं एवढेच अलर्ट ठेवायला सांगतो. घाटात उतरणाऱ्या गाड्यांना चौथा, न्यूट्रलचा. बाकीचे बंद.

न्यूट्रलचं जरा सविस्तर सांगतो, कारण कोटेशनमध्ये तो अलर्ट सहसा नसतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आणि तिथे ब्रेक निकामी होऊन एकामागून एक गाड्यांना ठोकरणारे ट्रक सगळ्यांना माहीत आहेत. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची सवय तुमच्या कसाऱ्यालाही आहेच. हे कॅमेऱ्याला दिसत नाही. ते दिसतं इंजिनाच्या आकड्यांत: गाडीचा वेग वाढतोय आणि आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, मात्र उभ्या गाडीइतके, आयडलला, म्हणजे गाडी गिअरमध्ये नाही. त्यासाठी मशीनला गाडीच्या कॅन लाईनवरून (इंजिनाची माहिती गाडीत फिरवणारी वायर) आरपीएम मिळायला हवा. तुमच्या नव्या गाड्यांत कंपनीचंच टेलिमॅटिक्स, म्हणजे गाडीची माहिती मोबाईल नेटवर्कवरून पाठवणारी यंत्रणा, बसून आलेलं असेल. टाटाचं फ्लीट एज, लेलँडचं आय-अलर्ट वगैरे. तसं असेल तर ही माहिती तुमच्याकडे आत्ताच आहे, तिचे पैसे पुन्हा मोजू नका. पुरवठादाराला एवढंच विचारा की ती माहिती आणि तुमचा व्हिडिओ एकाच स्क्रीनवर आणता येतील का. ‘हो, होईल’ यावर समाधान मानू नका, कोणाकडे करून दिलंय ते दाखवायला लावा.

वडिलांच्या टीव्हीबद्दल. लाईव्ह बघण्याची हौस मी समजू शकतो, पण गणित असं आहे की साधारण १ एमबीपीएसने (सेकंदाला एक मेगाबिट डेटा) एक कॅमेरा तासभर चालला की ४५० एमबी जातात. आठ तास टीव्ही चालू ठेवला तर एका कॅमेऱ्याचे ३.६ जीबी. मशीनमधल्या सिमचा महिन्याचा डेटा दोन दिवसांत संपतो, आणि नंतर खरा अलर्ट वर चढायला डेटाच उरत नाही. उलट दहा सेकंदांच्या २० क्लिप, रस्ता बघणारा बाहेरचा आणि ड्रायव्हरला बघणारा आतला अशा दोन्ही कॅमेऱ्यांच्या मिळून, दिवसाला फार तर ५० एमबी खातात. तेव्हा टीव्हीवर नकाशा लावून द्या, लाईव्ह फक्त गाडीचा फोन लागत नसेल तेव्हा. कोटेशनमध्ये डेटाची मर्यादा किती, आणि ती ओलांडली की काय होतं, हे लिहून घ्या.

आता दुसरी गोष्ट, फुटेज. विकणारा माणूस तुम्हाला सुंदर क्लिपा दाखवेल. तुम्ही वेगळंच मागा: ‘परवा दुपारी ३ वाजून १० मिनिटांपासूनची अर्ध्या तासाची, दोन्ही कॅमेऱ्यांची सलग फीत द्या.’ अलर्ट न वाजलेला कोणताही वेळ निवडा. काही जणांकडे ती दहा मिनिटांत येते, काहींकडे ‘इंजिनिअरला सांगतो’ सुरू होतं. कारण साधं आहे, सर्व्हरवर फक्त अलर्टच्या क्लिपा जातात आणि सलग रेकॉर्डिंग गाडीतल्या मशीनच्या मेमरी कार्डावरच राहतं. बाईकवाला मागून येऊन धडकला तर कधीकधी मशीन अलर्ट देतच नाही. तेव्हा तुम्हाला लागणारी फीत कार्डावरच असते.

आणि कार्ड भरतं. दोन कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसने रेकॉर्ड करत असतील तर तासाला १.८ जीबी. १२८ जीबीचं कार्ड साधारण ७० तास पुरतं. गाडी रोज बारा तास चालली तर सहाव्या दिवशी जुन्यावर नवं चढायला लागतं. विमा सर्व्हेअर किंवा पोलीस दहा दिवसांनी विचारतात, तेव्हा कार्डावर काही उरलेलं नसतं. म्हणून मी सगळीकडे एकच पद्धत लावतो: किरकोळ घासाघासी असली तरी त्याच दिवशी आधीचा आणि नंतरचा अर्धा तास मागवून ठेवायचा, माणूस जखमी झाला असेल तर कार्ड काढून, पाकिटात घालून, तारीख-वेळ लिहून, सही करून कपाटात.

कपाटात का, तर कोर्टासाठी. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईलमध्ये जराही फेरफार झाला की बदलणारा तिचा ओळख-आकडा) लिहावी लागते. हे जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब चंच पुढचं रूप. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं होतं की मूळ यंत्र हजर करत नसाल तर प्रमाणपत्राशिवाय चालणार नाही. मी वकील नाही, तुमच्या वकिलाला विचारा. पण पुरवठादाराला विचारायचं ते हे: फाईल डाउनलोड होते तेव्हा तिची हॅश देता का, आणि प्रमाणपत्रावर तुमच्याकडून कोण सही करेल? या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर त्याच्याकडे अजून एकही प्रकरण कोर्टापर्यंत गेलेलं नाही असं समजा.

यातलीच एक बारीक गोष्ट. फितीच्या कोपऱ्यात छापलेली वेळ आपल्या घड्याळाची आहे ना, ते बघा. काही मशीनं यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, छापतात, ती आपल्या साडेपाच तास मागे. रात्री साडेनऊच्या अपघाताच्या फितीवर १६:०० दिसतं, आणि समोरचा वकील एवढ्यावरूनच अर्धा दिवस खातो. बसवायच्या दिवशी सेटिंग बदलायचं, दोन मिनिटांचं काम आहे.

मशीनची परीक्षा करायची माझी एक आवडती रीत आहे, तुम्हीही करून बघा. गाडी चालू, रेकॉर्डिंग चालू, आणि वायरमनला मशीनचा फ्यूज उपटायला सांगा. मग कार्ड काढून बघा, शेवटचे दहा सेकंद त्यात आहेत का. मोठ्या धडकेत बॅटरीची लाईन तुटते, नेमकी तेव्हाच फाईल अर्धवट राहून उघडत नाही अशी मशीनं बाजारात भरपूर आहेत. चांगल्या मशीनमध्ये सुपरकॅपॅसिटर असतो, तो वीज गेल्यावरही फाईल नीट बंद करण्यापुरता दम धरतो. लिथियम बॅटरी असलेली मशीनंही मिळतात, पण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या काचेला चिकटवलेली बॅटरी फुगते. सुपरकॅपॅसिटरच मागा.

अलर्ट किती खरे, हे तुमच्या रस्त्यावरच कळतं. पांढरे पट्टे नसलेल्या रस्त्यावर लेन सोडल्याचा अलर्ट निरुपयोगी. चाकणच्या कोंडीत दर मिनिटाला दुचाकी आडवी येते, तिथे ‘अंतर ठेवा’ वाजत राहिलं तर ड्रायव्हर स्पीकरमध्ये कापूस कोंबतो. त्यामुळे ठरावीक वेगाच्या खाली हा अलर्ट गप्प बसायला हवा. संगमनेर पट्ट्यात हंगामात रात्री मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात. पुढच्या धडकेचा इशारा देणारं मशीन गाडी म्हणून ओळखतं ते बहुधा कार, ट्रक, दुचाकी. उसाचा डोंगर त्याला गाडी वाटतो का? हे ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं. ट्रायल नोव्हेंबरनंतर, रात्रीच्या फेऱ्यांवर घ्या म्हणजे उत्तर मिळेल.

न्हावा शेवाच्या गाड्या तुम्ही आता समृद्धीने काढत असाल. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून बऱ्याच जणांनी कसारा सोडला. तिथे दोन वेगळ्या अडचणी. एक, रस्ता सरळ, एकसुरी. डुलकीचा धोका खरा, त्यामुळे तिथे डुलकीचा अलर्ट वाजला की तो गांभीर्यानेच घ्यायचा. दुसरी, इगतपुरीजवळचा जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा. आत जीपीएस मिळत नाही, आणि वेग फक्त जीपीएसवरून घेणारं मशीन तिथे शून्य तरी दाखवतं नाहीतर बाहेर पडताना भलताच आकडा. असल्या आकड्यावरून ड्रायव्हरचा पगार कापला तर भांडण ठरलेलं.

आतल्या कॅमेऱ्याचं तर आणखी वेगळं. तंबाखू मळताना ड्रायव्हर खाली बघतो आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरून सुटतात. मशीन त्याला ‘लक्ष नाही’ म्हणतं, ते बरोबरच आहे. पण गालावर हात टेकला की ‘मोबाईल’, थंडीत तोंडाला मफलर गुंडाळला की ‘चेहरा दिसत नाही’, जांभई दिली की डुलकी, हे खोटे. रात्री आतला कॅमेरा इन्फ्रारेडवर चालतो. ८५० नॅनोमीटर लहरलांबीच्या दिव्याचा मंद लाल ठिपका दिसत राहतो, तो काही जणांच्या डोळ्यांना सलतो. ९४० वाल्याचा जवळपास दिसत नाही. हे तुम्ही ठरवू नका, रात्रभर गाडी चालवणाऱ्या माणसालाच विचारा. आणि बाहेरच्या कॅमेऱ्यासमोर लिंबू-मिरची, दसऱ्याचा झेंडूचा हार लटकत असेल तर कुठल्याही कंपनीचं मशीन वेडंवाकडं बोलणारच. हार काढायला सांगायचा नसतो. कॅमेरा हार बांधायच्या जागेपासून दूर बसवायचा असतो. हे बसवणाऱ्याला कळतं का, यावरूनही त्याची पारख होते.

तुमच्या त्या दोन ड्रायव्हरांना मी चुकीचं म्हणणार नाही. केबिन हे त्यांचं महिन्यातून वीस-पंचवीस दिवसांचं घर आहे. तिथेच झोपतात, कपडे बदलतात, बायकोशी फोनवर बोलतात. म्हणून इग्निशन बंद झालं की आतला कॅमेरा बंद, आणि आवाजाचं रेकॉर्डिंग कायमचं बंद. हे नुसतं तोंडाने सांगू नका; त्यांना गाडीत बसवून, चावी फिरवून, मोबाईलवर दाखवा. फीत कोण बघू शकतं, किती दिवस ठेवली जाते, हे मराठीत आणि हिंदीत लिहून सही घ्या. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची दिशाही तीच आहे. मशीनचा आवाज इंग्रजी बाईचा असेल तर बदलून मराठी किंवा हिंदी करता येतो का विचारा. परक्या भाषेत कोणी सतत टोकलेलं आवडत नाही. पहिले दोन महिने दंड अजिबात नको. त्या काळात एखाद्या ड्रायव्हरची चूक नसल्याची फीत हाती लागतेच. ती सगळ्यांना दाखवा. मोठी गाडी म्हणजे तिचीच चूक, या आपल्याकडच्या रीतीला तेवढं एकच उत्तर आहे, आणि मग कॅमेरा नको म्हणणारे कमी होतात. तरीही एखादा सोडून जाईल, तेवढी तयारी ठेवा.

अलर्ट फक्त ड्रायव्हरबद्दल बोलतात असंही समजू नका. नागपुरात २०२१ मध्ये सुरू झालेल्या आय-रास्ते प्रकल्पात महापालिकेच्या बसना असे कॅमेरे लावले, तेव्हा इशारे कुठे गोळा होतात ते बघून रस्त्यावरच्या धोक्याच्या जागा शोधणं हाही त्याचा भाग होता. तुमच्याही गाड्यांचे अलर्ट एकाच वळणावर, सगळ्या ड्रायव्हरांचे येत असतील तर त्यांना झापून उपयोग नाही, फेरीची वेळ किंवा वाट बदला. नकाशावर अलर्ट एकत्र दाखवणारं सॉफ्टवेअर असेल तर हे पाच मिनिटांत दिसतं.

चार बसचं वेगळं. प्रवासी वाहनाला एआयएस-१४० (वाहनांच्या ट्रॅकरचं सरकारी मानक) प्रमाणित ट्रॅकर आणि पॅनिक बटण लागतं. कॅमेऱ्यात जीपीएस आहे म्हणून ते भागलं असं नाही. ‘आमचं मशीन दोन्ही करतं’ म्हणणाऱ्याकडून त्या मॉडेलचं टाइप अप्रूव्हल, म्हणजे मानकाप्रमाणे तपासून दिलेलं मंजुरीपत्र, बघून घ्या, नाहीतर पासिंगला अडकाल. शिवाय बसमध्ये आतला कॅमेरा प्रवाशांवर येतो, तिथे कामगारांना आणि त्यांच्या कारखान्याला आधी कळवणं आलं.

आता तुमची तीन कोटेशनं. स्वस्तवाल्याला लगेच बाद करू नका. असे बरेच जण बाहेरून आणलेल्या मशीनवर स्वतःचं नाव लावतात, आणि त्यात सरसकट वाईट काही नाही. मोठ्या नावांतही मशीन एकाचं, डोकं दुसऱ्याचं असं असतं. बेंगळुरूची लाइटमेट्रिक्स तर आपलं सॉफ्टवेअर इतर टेलिमॅटिक्सवाल्यांमार्फतच देते. विचारायचं ते हे, की सर्व्हर कोणाचा, आणि उद्या हा मधला माणूस धंदा बंद करून गेला तर तुमची मशीनं चालतील का. देखण्या ॲपवाल्याला विचारा, नाशिकला माणूस कुठे बसतो. ३८ गाड्या म्हणजे अडनिडा आकडा. मोठ्या कंपनीसाठी लहान गिऱ्हाईक, लहानासाठी मोठं. काच बदलली, कॅमेरा हलला, कार्ड खराब झालं, ही कामं दर महिन्याला निघतात, आणि ती फोनवरून होत नाहीत. ‘४८ तासांत माणूस येईल’ हे करारात, न आल्यास त्या गाडीतल्या मशीनचं त्या महिन्याचं भाडं माफ, हेही तिथेच.

तीन वर्षांच्या करारावर सही करू नका, निदान ट्रायलआधी. तिघांकडून प्रत्येकी दोन मशीनं पैसे देऊन महिनाभर घ्या. फुकटच्या ट्रायलला चांगला माणूस पाठवत नाहीत. एक तुमच्या सगळ्यात जुन्या गाडीत, एक नव्या गाडीत. जुन्या गाडीचं वायरिंग कसं सांभाळतात ते बघा: फ्यूज बॉक्समधून रीतसर लाईन घेतात, की मिळेल ती वायर सोलून पट्टी गुंडाळतात. नव्या गाडीची वॉरंटी चालू असेल तर डीलरकडून ‘चालेल’ असं लेखी घ्या, नाहीतर पुढे इलेक्ट्रिकलचा क्लेम आला की ते याच जोडणीकडे बोट दाखवतील. एक ट्रायल गाडी तुमच्या सगळ्यात तिरकस ड्रायव्हरला द्या. मशीन बंद पाडायच्या वाटा तोच शोधून काढेल, आणि मशीन बंद पडल्याचा निरोप तुम्हाला किती वेळात येतो तेही कळेल.

करारात शेवटी तीन ओळी हव्यात. मशीन कोणाच्या मालकीचं, भाडं थांबवलं तर ते कार्डावर रेकॉर्ड करत राहील की आंधळं होईल, आणि गाडी विकली तर मशीन काढून दुसरीत बसवायचा खर्च कोणाचा. जुन्या गाड्या तुम्ही दरवर्षी काढत असाल, तर ही तिसरी ओळ तीन वर्षांत बऱ्यापैकी पैसे खाते.